मोटारसायकल अपघाताची भरपाई : आकडा ठरतो कसा आणि घटतो कुठे

भारतात मोटारसायकलच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला मिळणारी भरपाई मोटार वाहन कायदा, १९८८ आणि सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी घालून दिलेली सूत्रे यांच्या आधारे मोजली जाते. म्हणूनच विमा कंपनीशी बोलणी करताना एकूण रकमेवर घासाघीस करण्यापेक्षा, ती रक्कम ज्या घटकांच्या गुणाकारातून तयार होते त्यांतील एकेका घटकावर बोलणे दावेदाराच्या अधिक हिताचे असते.

या बोलणीत समोर असणारी कंपनी बहुधा धडक देणाऱ्या वाहनाची असते. प्रत्येक वाहनाला सक्तीचा असलेला ‘थर्ड पार्टी’ विमा हा त्या वाहनामुळे इतरांना झालेल्या हानीची जबाबदारी उचलतो, स्वतः वाहनमालकाच्या दुखापतीची नव्हे. त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही वाहनाचा संबंध नसताना गाडी घसरून मालक जखमी झाल्यास त्याला थर्ड पार्टी दावा करता येत नाही आणि त्याची भिस्त १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्यावर राहते, तोही अपघाती मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांपुरताच. दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल, तर मागे बसलेल्या व्यक्तीलाही त्या वाहनाविरुद्ध दावा करता येतो.

कायद्यात भरपाईचे दोन मार्ग आहेत. कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात, तर कलम १६६ नुसार समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवून प्रत्यक्ष नुकसानीइतकी भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. यांपैकी पहिल्या मार्गाची रक्कम स्वीकारली की दुसऱ्या मार्गाचा अर्ज संपुष्टात येतो, ही तरतूद अनेकांच्या लक्षात येत नाही. परिणामी कायमचे अपंगत्व आलेल्या तरुणाने अडीच लाखांवर सही केली, तर त्याच्या कितीतरी मोठ्या हक्काचा दरवाजा तो स्वतःच बंद करतो. कलम १६६ च्या अर्जासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली असून तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरीही मुदतीच्या आत अर्ज करणे हेच सुरक्षित.

गुणाकार कसा चालतो हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. समजा, ३४ वर्षांचा, स्वतंत्रपणे काम करणारा एक वायरमन मांडीचे हाड मोडून कायमचा अधू झाला आणि त्याची कमाई महिना २०,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,४०,००० रुपये होती. ‘प्रणय सेठी’ निकालाने (२०१७) चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारितांसाठी भावी उत्पन्नवाढ म्हणून ४० टक्के धरले आहेत आणि ही वाढ जखमींच्या दाव्यांतही द्यावी असे ‘पप्पू देव यादव’ निकालात (२०२०) स्पष्ट झाले, म्हणून वार्षिक उत्पन्न ३,३६,००० रुपये होते. ‘सरला वर्मा’ निकालातील (२००९) तक्त्याने ३१ ते ३५ या वयोगटासाठी १६ हा गुणक, म्हणजे वार्षिक तोट्याला ज्या संख्येने गुणायचे ती संख्या, ठरवला आहे. तेव्हा कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटली असे मानल्यास केवळ या एका सदराखाली १०,७५,२०० रुपये होतात. आता कंपनीने उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून १२,००० रुपये धरले, भावी वाढ वगळली आणि अपंगत्व १० टक्केच मानले, तर त्याच माणसाच्या त्याच दुखापतीचे २,३०,४०० रुपये होतात. मधली जवळपास साडेआठ लाखांची तफावत तीन घटकांत दडलेली असते आणि एकूण आकड्यावर ‘थोडे वाढवा’ म्हणणाऱ्याला ती दिसतच नाही.

उत्पन्नाच्या घटकासाठी बँकेचे खातेउतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे, कामाची बिले आणि नेहमीच्या ग्राहकांची साक्ष उपयोगी पडते. अपंगत्वाच्या बाबतीत ‘राज कुमार विरुद्ध अजय कुमार’ निकालाने (२०१०) केलेला भेद मोलाचा आहे. त्यानुसार डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी शरीराची हानी सांगते, तर भरपाईसाठी त्या हानीमुळे संबंधित व्यक्तीची कमाई किती घटली हे पाहावे लागते. एकाच पायाचे अधूपण टेबलावर बसून काम करणाऱ्या कारकुनाला आणि शिडीवर चढणाऱ्या वायरमनला सारखे नडत नाही, आणि हा फरक प्रमाणपत्रात आपोआप उमटत नसल्याने कामाचे स्वरूप स्वतंत्रपणे मांडावे लागते.

वादाचा आणखी एक मुद्दा अंशदायी निष्काळजीपणाचा, म्हणजे अपघाताला जखमी स्वतःही काही अंशी जबाबदार असल्याचा असतो, कारण तो जितके टक्के ठरतो तितकी कपात सगळ्या रकमेतून होते. मात्र दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्यावरून अशी कपात करता येत नाही, त्या कृतीचा अपघाताशी किंवा झालेल्या इजेशी कार्यकारण संबंध दाखवावा लागतो, असे ‘मोहम्मद सिद्दिक’ निकाल (२०२०) सांगतो. याच तर्काने, पाय मोडलेल्या चालकाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते हा आक्षेप दंडाला कारण ठरला, तरी भरपाई कमी करण्यास पुरेसा ठरणे कठीण असते. घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा आणि छायाचित्रे यांचे महत्त्व इथे कळते.

गुणाकाराच्या बाहेरही रुग्णालयाची बिले, उपचारकाळात बुडालेली मजुरी, सोबतीच्या माणसाचा खर्च, वेदना आणि हाडात बसवलेली सळई काढण्यासारख्या पुढील शस्त्रक्रिया अशी सदरे असतात. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम या भरपाईतून वजा करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला असल्याने, ‘बिले तर आधीच मिळाली’ हा युक्तिवाद महाराष्ट्रात आणि गोव्यात मान्य करण्याचे कारण उरलेले नाही.

कलम १४९ नुसार कंपनीचा नियुक्त अधिकारी न्यायाधिकरणासमोर तडजोडीचा प्रस्ताव ठेवू शकतो. तो मान्य झाल्यास त्याची नोंद होऊन ती मिळाल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि अमान्य झाल्यास सुनावणी चालू होते, त्यामुळे पहिला प्रस्ताव नाकारल्याने हक्क बुडत नाही. लोकअदालतीत मात्र निवाडा अंतिम असून त्याविरुद्ध अपील नसते. म्हणून हाड जुळून अपंगत्व स्थिर होण्यापूर्वी तडजोडीच्या पुरसिशीवर, म्हणजे लेखी निवेदनावर, सही करणे धोक्याचे ठरते, कारण नंतर निघालेला खर्च पुन्हा मागता येत नाही. लवकर हाती येणाऱ्या पैशासाठी काही रक्कम सोडणे व्यवहार्य असू शकते. पण किती सोडले जात आहे हे प्रत्येक सदर मांडून पाहिल्यावरच ठरवता येते, आणि असा लेखी हिशेब हाती असलेल्या दावेदाराशी कंपनीलाही त्याच हिशेबाच्या भाषेत बोलावे लागते.