तीस पौंडांची गिटार आणि दोन मिलिमीटर

माझ्या भाचीने लेस्टरच्या एका चॅरिटी शॉपमधून तीस पौंडांना गिटार आणली. महिनाभर झटूनही ‘एफ’ कॉर्ड वाजेना. “मामा, माझ्या बोटांत जोरच नाही,” म्हणाली. मी बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी उभी धरली. जाड तार साडेतीन मिलिमीटर वर होती. अडीच पुरे असते. दोष बोटांचा नव्हताच.

स्वस्त गिटार वाजवायला जड म्हणजे ती वाईटच, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. बहुतेकदा तिची जुळणीच झालेली नसते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, तसंच हे काम. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथे तार एक मिलिमीटर उतरवायची तर घोडीवरच्या पट्टीचा तळ दोन मिलिमीटर घासावा लागतो. तळ, माथा नव्हे. आधी मान सरळ आहे ना ते बघा. मानेतला रॉड तिचा बाक सुधारण्यासाठी असतो, तारांची उंची ठरवण्यासाठी नाही. पट्टी आधीच घोडीत बुडालेली असून तारा उंच असतील, तर ती गिटार घेऊ नका. मानेचा कोन सुधारायचा खर्च तिच्या किमतीच्या वर जातो.

प्लायवूडची गिटार टाकाऊ, असंही ऐकू येतं. सलग लाकडाचा आवाज अधिक मोकळा असतो, हे खरं. पण प्लाय सहज तडकत नाही. 6 जुलै 1957 रोजी लिव्हरपूलच्या वूल्टनमधल्या चर्चच्या जत्रेत सोळा वर्षांचा जॉन लेनन ज्या स्वस्त गॅलोटोन गिटारवर वाजवत होता, तिच्या आतल्या लेबलावर ‘तडकणार नाही’ अशी हमीच छापलेली होती.

सूर टिकत नाही म्हणून लोक महागड्या खुंट्या बसवतात. सूर लावताना ‘टिंक’ असा आवाज आला, तर तार मानेच्या टोकाच्या खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, नव्या तारा चढवा, मग खुंट्यांचं बघू. मात्र नायलॉनच्या तारांसाठी बनलेल्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीच लावू नका. ताण जवळपास दुप्पट होतो आणि घोडी उखडून येते.

जुन्या मालाबद्दल दाद मागता येत नाही, हेही चूक. दुकानदाराकडून घेतलेल्या सेकंडहँड वस्तूलाही 2015 चा ग्राहक हक्क कायदा लागू आहे. ती सदोष निघाली तर 30 दिवसांत परत करून पैसे मागता येतात. खासगी विक्रेत्याकडून घेताना मात्र हे संरक्षण फार तोकडं असतं.

इथल्या हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की घरातली हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात. आर्द्रता 45 ते 55 टक्के हवी. भाचीची गिटार आता रेडिएटरपासून लांब, आतल्या भिंतीवर टांगलेली आहे. परवा फोनवर तिने ‘एफ’ वाजवून दाखवला, सहाही तारांचा.