उंच केलेली जीप का थरथरते?

मंडणगड तालुक्यात डांबरी रस्ता सोडून वाडीकडे वळले की जांभ्याचे खडक आणि पावसाने उकरलेल्या चाकोऱ्या लागतात. अशा वाटेवर तळ आपटू नये म्हणून कुणी पाट्यांना लांब शॅकल लावून जीप १० सेंटिमीटर उंच करून घेतो. खडक चुकतात, पण सपाट रस्त्यावर वेग घेताच गाडी थरथरू लागते. चाके बॅलन्स केली तरी थरथर जात नाही.

अशा वेळी गिअरबॉक्सकडून मागच्या आसाकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट पाहावा. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा तुकडा असतो. गॅरेजात त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात, पुस्तकात हूकचा सांधा. स्प्रिंगच्या नियमाचा तोच हा १७व्या शतकातील रॉबर्ट हूक. दांडे एका रेषेत नसले तरी हा सांधा गती पुढे पोचवतो, मात्र एकसारखी पोचवत नाही.

हे वर्गात दाखवता येईल. पुठ्ठ्याच्या चकतीला मध्यभागी भोक पाडा आणि कडेला घड्याळाप्रमाणे १२ खाचा करा. उन्हाच्या किरणांना लंब धरलेल्या कागदावर तिची सावली पाडा. आता ३ आणि ९ जोडणाऱ्या रेषेभोवती चकती ६० अंश कलवा. सावली चपटी होईल. केंद्रापासून कोन मोजले तर ३ ते १२ या पाव भागातील तीन समान ३० अंशांचे अनुक्रमे सुमारे १६, २५ आणि ४९ अंश झालेले दिसतील. कललेल्या सांध्याला हेच गणित लागू पडते. एका फेऱ्यात शाफ्ट दोनदा मंदावतो, दोनदा घाई करतो. १० अंशांच्या कोनात हा फरक जेमतेम दीड टक्का असतो, २० अंशांत मात्र सहा टक्क्यांच्या घरात जातो.

मग साधी जीप का थरथरत नाही? पुढच्या क्रॉसने केलेली चूक मागचा क्रॉस उलट चूक करून फेडतो! अट अशी, की दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत हवेत. मागच्या पाट्याचे मागचे शॅकल लांब केले की आस किंचित फिरतो आणि त्याचे तोंड वर होते. पुढचा कोन वाढतो, मागचा कमी होतो, हिशेब बिघडतो. शाफ्ट आखूड असला तर अधिकच. ६० सेंटिमीटरच्या शाफ्टला १० सेंटिमीटर उंची म्हणजे साडेनऊ अंश, १२० सेंटिमीटरच्या शाफ्टला पाचच. दुरुस्तीत सरकता सांधा एक दाता चुकवून बसवला, तरीही हेच दुखणे.

निदानासाठी आकडेमोड करू. चाकाचा घेर २.२ मीटर आणि आसातील गुणोत्तर ५ धरले, तर ताशी ५० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ६ फेरे घेते, शाफ्ट ३१, आणि कोनामुळे होणारी थरथर दुप्पट म्हणजे ६३. पहिल्याचे हिसके स्टिअरिंगवर जाणवतात, शेवटचीचा पायाखाली गुंजारव येतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रल करावी. त्याच वेगाला थरथर टिकली तर इंजिन निर्दोष. (उतारावर हे मुळीच करू नये.) पुढे गाडी सपाट जमिनीवर उभी करून कंपासपेटीतला कोनमापक आणि ओळंबा घेऊन दोन्ही कोन मोजावेत. फरक निघाला तर आस आणि पाट्यांमध्ये योग्य कोनाची पाचर बसवून तो मिटवता येतो.

थरथरीकडे दुर्लक्ष झाले की क्रॉसमधील सुयांचे बेअरिंग झिजते, टोप्यांभोवती तांबडी भुकटी दिसते, एक दिवस क्रॉस तुटतो. जुन्या विलिस जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, याच शाफ्टवर असे. घाटात गिअरमध्ये घालून, हातब्रेक ओढून उभी केलेली अशी जीप मागच्या चाकांपुरती केवळ या क्रॉसच्या भरवशावर उभी असते. तेव्हा शाफ्ट हाताने हलवून पाहण्याआधी चाकांना दगड लावावेत.