गाडीचा एसी गार करीत नाही? आधी निदान, मग गॅस

मार्च उजाडला की नगर-मनमाड आणि नगर-पुणे रस्त्यांवरील गॅरेजेसमध्ये एकच तक्रार सुरू होते : ‘उस्ताद, एसी गार करीत नाही, गॅस भरून द्या.’ रोग कोणता हे गिऱ्हाईकानेच ठरवलेले असते आणि औषधही त्यानेच सुचवलेले असते. गर्दीच्या दिवसांत कारागीरही गॅस भरून मोकळा होतो. गाडी चार दिवस थंड राहते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गिऱ्हाईकाचा पैसा जातो, गॅरेजचे नाव जाते. शिर्डी-शिंगणापूर फेऱ्या करणाऱ्या टॅक्सीवाल्याचे तर त्या दिवसाचे भाडेच बुडते.

पहिली गोष्ट लक्षात ठेवावी : एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉईल या बंद साखळीत तोच गॅस फिरत राहतो. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षे किंचित झिरपतो, ते वेगळे. पण एका मोसमात गॅस कमी झाला, तर कुठेतरी गळती आहेच. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

गेज लावण्यापूर्वी

निम्मे निदान हाताने आणि डोळ्यांनी होते. वारा गार आहे पण कमी येतो, असे असेल तर केबिन फिल्टर काढून पाहावा. आपल्या जिल्ह्यातील धुळीने तो लवकर बुजतो. फिल्टर स्वच्छ असेल तर ब्लोअर तपासावा.

गाडी पळताना एसी उत्तम, उभी राहिली की गरम, असे असेल तर संशय कंडेन्सरवर आणि त्याच्या पंख्यावर घ्यावा. पळत्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचे असते. भाविकांची वाट पाहत उन्हात चालू ठेवलेल्या गाड्यांत हा दोष प्रथम उघडा पडतो. पंखा फिरतो एवढे पाहून थांबू नये. पूर्ण वेगाने फिरतो का, तेही पाहावे. उसाच्या पट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांच्या जाळीत पाचटाचे तूस आणि माती अडकते. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट विशेष पाहावी. साधी परीक्षा अशी : एसी चालू ठेवून कंडेन्सरवर हलकेच पाणी शिंपडावे. आतला वारा लगेच गार झाला तर उष्णता बाहेर पडण्यातच अडचण आहे. धुताना पाण्याचा जोराचा फवारा मारू नये, पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात.

सुरुवातीला गार, मग वारा हळूहळू बंद आणि थोडा वेळ एसी बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक, असे झाल्यास कूलिंग कॉईलवर बर्फ जमत आहे. तापमानाचा सेन्सर तपासावा. यासोबत कॉम्प्रेसरचा क्लच लागतो का, पट्टा घसरतो का आणि हीटरचे झाकण नीट मिटते का, हेही पाहून घ्यावे.

गेज काय सांगतो

गेज दोन्ही बाजूंना लावावा. आर-१३४ए गॅसच्या गाडीत ३५ ते ४० अंशांच्या उन्हात एसी चालू असताना लो बाजू साधारण ३० ते ४५ पौंड आणि हाय बाजू २०० ते २८० पौंड दिसते. गाडीगणिक यात फरक पडतो.

दोन्ही बाजू कमी असतील तर गॅस कमी, म्हणजे गळती. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सर गरम, गॅस जादा किंवा आत हवा शिरलेली. लो जास्त आणि हाय कमी असेल तर कॉम्प्रेसर थकला. लो जवळजवळ शून्यावर गेली तर व्हॉल्व्ह किंवा ड्रायर चोक.

इंजिन बंद असतानाच्या काट्यावर मात्र विसंबू नये. ३५ अंशाला तो सुमारे ११५ पौंड दाखवतो. आत १०० ग्रॅम असो वा ४००, द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत आकडा तोच राहतो.

गॅस वजनावरच भरावा

आधी सांधे, ओ-रिंग आणि कॉम्प्रेसरचा सील तपासावा. तेलकट डाग ही गळतीची खूण. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावावे. गळती काढल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम करावा आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले ग्रॅम काट्यावर मोजून भरावेत. जादा गॅस भरल्याने गारवा वाढत नाही, उलट घटतो.

स्वस्त, अनोळखी सिलिंडरपासून दूर राहावे. २०११ मध्ये आर-४० ची भेसळ झालेल्या गॅसमुळे जहाजी शीतपेट्यांचे स्फोट होऊन व्हिएतनाममध्ये कामगार दगावले. हा पदार्थ अॅल्युमिनियमशी संयोग पावतो आणि गाडीचा कंडेन्सर व कॉम्प्रेसर अॅल्युमिनियमचेच असतात. स्वयंपाकाचा गॅस भरणे तर आगीला आमंत्रण देणे होय.

धंद्याच्या दृष्टीने

तपासणीची मजुरी वेगळी सांगावी आणि बिनसंकोच घ्यावी. काम करण्यापूर्वी आणि नंतर जाळीतून येणाऱ्या वाऱ्याचे तापमान थर्मामीटरने मोजून बिलावर लिहावे. गिऱ्हाईकाला शब्दांपेक्षा आकडा पटतो. थर्मामीटर आणि वजनकाटा यांचा खर्च परत आलेल्या दोन गाड्यांच्या फुकट मजुरीत भरून निघतो.

पुढचे दिवसही ध्यानात घ्यावेत. वातावरण तापवण्यात आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. २०१६ च्या किगाली करारास भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ पासून अशा वायूंच्या वापरावर मर्यादा येईल आणि २०३२ पासून तो टप्प्याटप्प्याने घटवावा लागेल. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो. तो किंचित ज्वलनशील असून त्याला वेगळी उपकरणे लागतात. जुना गॅस हवेत सोडून नवा भरण्याची सवय तेव्हा परवडणार नाही.

आपल्या मुलांनी हे काम गॅरेजमध्ये शिकावेच, पण त्याला आयटीआयच्या दोन वर्षांच्या रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग अभ्यासक्रमाची जोड द्यावी. हातात कसब आहेच. त्याला मोजमापाची शिस्त मिळाली तर उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचा हा धंदा बारमाही होऊ शकतो.