नावेतील उबदार जमीन

शहाबादी फरशीवर उन्हाळ्याची दुपार काढणाऱ्याला जमीन गार हवी असते. इंग्लंडमधील कालव्यांवर बारमाही नावेत राहणाऱ्यांची अडचण याच्या नेमकी उलट आहे. हिवाळ्यात कालव्याचे पाणी चार-पाच अंश सेल्सियसपर्यंत उतरते आणि नावेचा पोलादी तळ त्या पाण्याला अहोरात्र लागून असतो. पोलादातून उष्णता लाकडाच्या शेकडो पट सहज वाहते. त्यामुळे नावेत शेगडी पेटलेली असली, तरी डोक्याशी ऊब आणि पावलांशी गारठा अशी स्थिती होते. कारण तापलेली हवा हलकी होऊन छताकडे जाते.

या नावा फार अरुंद असतात. अठराव्या शतकात बांधलेल्या तेथील अनेक जलपाशांची, म्हणजे नाव चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेल्या दारांच्या हौदांची, रुंदी जेमतेम सात फूट ठेवली गेली. आजही नावा त्याच मापाने बांधाव्या लागतात. एवढ्या जागेत भिंतीला तापकाच्या पेट्या लावल्या, तर कपाट कोठे ठेवावे हा प्रश्न पडतो. म्हणून काही जण जमीनच तापवतात. ही कल्पना नवी नाही. काश्मीरमधील हमामात दगडी लाद्यांखाली जाळ करून खोली उबदार ठेवतात, ती याच जातीची युक्ती होय. तापलेल्या पृष्ठभागातून उष्णता प्रारणाने थेट शरीरापर्यंत व भिंतींपर्यंत पोहोचते.

नावेत मात्र जाळाऐवजी जमिनीखालून कोमट पाणी फिरवतात. विजेच्या तारा घालणे सोपे वाटते. पण हिशेब मांडून पाहा. दहा चौरस मीटर जागेला दर चौरस मीटरला १०० वॅट धरले, तर १००० वॅट लागतात. बारा व्होल्टच्या विद्युतघटांतून हे काढायचे, तर सुमारे ८३ अँपिअर प्रवाह हवा. ४०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल घटांपैकी निम्मीच साठवण सुरक्षितपणे वापरता येते. ती अडीच तासांच्या आत संपेल. किनाऱ्यावरून कायम वीज मिळत नसेल, तर हा मार्ग सोडावा, हे उत्तम.

काम तळापासून सुरू होते. प्रथम जमिनीच्या फळ्या उचलतात. खाली नाव स्थिर राहावी म्हणून विटा किंवा फरश्या वजनासाठी रचलेल्या असतात. त्या काढताना प्रत्येकीची जागा लिहून ठेवावी; पुन्हा भलतीकडे ठेवल्यास नाव एका अंगाला कलते. तळाचा गंज खरवडून रंग द्यावा आणि वजन पूर्ववत मांडावे. त्यावर फेसाच्या उष्णतारोधक पाट्या घट्ट बसवतात. हा थर वगळला, तर आपण घर नव्हे, कालवा तापवू. थर जाड असावा हे खरे. पण तो जितका जाड, तितकी डोक्यावरची उंची घटते, आणि नावेत ती मुळातच कमी असते. येथे प्रत्येकाला आपली तडजोड स्वतःच ठरवावी लागते.

त्यानंतर खाचा असलेल्या पाट्यांवर ॲल्युमिनियमचे पत्रे बसवून त्यांत १६ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी नागमोडी घालतात. दोन फेऱ्यांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास दर चौरस मीटरला सुमारे पावणेसात मीटर नळी लागते. स्थिर कपाटांखाली ती घालू नये. नळीला जमिनीखाली एकही सांधा नसावा, हा नियम कधीही मोडू नये. सांध्यातून झिरपलेले पाणी बंद फळ्यांखाली दिसत नाही आणि पोलाद आतून गंजत राहते. घरात फक्त फरशी भिजते, येथे नावच धोक्यात येते. म्हणून फळ्या बसवण्यापूर्वी नळीत दाबाखाली पाणी भरून ती काही तास तपासावी. मागच्या टोकाला एक झडप उघडी ठेवावी, म्हणजे तळात पाणी साचले आहे का ते पाहता येते.

डिझेलवर चालणारा तापक पाणी ६०-७० अंशांपर्यंत तापवतो. जमिनीला ३५ ते ४५ अंश पुरे असतात. लाकडी पृष्ठभाग २७ अंशांच्या वर गेला, तर फळ्या वाकतात. म्हणून परतीचे गार पाणी मिसळणारी झडप आवश्यक ठरते. नाव हिवाळ्यात रिकामी राहणार असेल, तर पाण्यात गोठणरोधक द्रव घालावा.

अपेक्षाही माफक ठेवाव्यात. जमीन २७ अंश आणि खोली २० अंश असता दर चौरस मीटरला साधारण ७५ वॅट उष्णता मिळते; दहा चौरस मीटरला पाऊण किलोवॅट. कडाक्याच्या थंडीत हे अपुरे पडते. त्यामुळे बहुतेकांना शेगडी ठेवावीच लागते आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्रही. राहण्याची सोय असलेल्या नावांवर असे यंत्र ब्रिटनच्या नौका-सुरक्षा योजनेने १ एप्रिल २०१९ पासून अनिवार्य केले आहे. हा वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि उबेसाठी दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या नावेत तो साचायला वेळ लागत नाही.