डॉक्टरला दोन वर्षे, परिचारिकेला पाच!

दि. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ (१) कडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास या कलमात पाच वर्षांपर्यंत कारावास आहे; मात्र उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसे घडल्यास कमाल शिक्षा दोन वर्षे! ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांनाच आहे. परिचारिकेचे नाव त्या नोंदवहीत नसते. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये दोघांनाही कमाल दोनच वर्षे होती. म्हणजे डॉक्टर होता तिथेच राहिला, परिचारिका मात्र पाचवर गेली. एकाच खाटेपाशी उभ्या असलेल्या दोघांसाठी दोन तराजू! हे समतेच्या तत्त्वात बसते काय?

हा प्रश्न आज मांडण्याचे कारण म्हणजे आपल्या वस्त्यांतून एएनएम, जीएनएमला जाणाऱ्या मुली. आई-बाप कर्ज काढून फी भरतात. पोर पांढरे कपडे घालून वॉर्डात उभी राहते. डॉक्टर औषध लिहितो, फार्मासिस्ट काढून देतो, पण रुग्णाच्या अंगात ते सोडणारा हात परिचारिकेचा. आधीच्या दोघांची चूक पकडण्याची शेवटची संधी तिचीच आणि काही विपरीत घडले तर पहिले बोटही तिच्याकडेच!

म्हणून योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ ही पंचसूत्री केवळ परीक्षेपुरती पाठ करून भागणार नाही. "तुम्हीच शांताबाई ना?" असे विचारले तर कमी ऐकू येणारी म्हातारी मान डोलावते. "तुमचे नाव काय?" असे विचारावे आणि उत्तर केसपेपरशी ताडून पाहावे. खाटेच्या नंबरावर विसंबू नये, खाटा बदलतात.

इन्शुलिनचे उदाहरण घ्या. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली मिळते आणि १०० युनिट असलेलीही. सिरिंजही वेगळ्या : ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी. १०० ची बाटली घेऊन ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट जातात. अडीचपट! साखर एकदम उतरून रुग्ण बेशुद्ध पडतो, जीवही जाऊ शकतो. पोटॅशियम क्लोराईड तर पातळ न करता थेट शिरेत दिले की हृदयच थांबते. ते सलाईनमध्ये मिसळून, सावकाशच द्यायचे. अशी औषधे दुसऱ्या परिचारिकेने तपासल्याशिवाय देऊ नयेत. आणि नोंद औषध दिल्यावरच करावी, आधी नव्हे. न्यायालयात तोंडी सांगण्यापेक्षा कागद बोलतो, हे आम्ही वकिलीच्या अनुभवावरून सांगतो.

पण सारा भार मुलींच्या माथी मारून संस्थांना मोकळे होता येणार नाही. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल पाहा. टायफॉईडसाठी दाखल झालेल्या बालकाला परिचारिकेने शिरेतून इंजेक्शन दिले आणि ते कोसळले. मेंदूला कायमची इजा झाली. ती परिचारिका नोंदणीकृत नव्हती. इंजेक्शन देण्याचे काम निवासी डॉक्टरने तिच्यावर सोडले होते. न्यायालयाने रुग्णालयाला मोकळे सोडले नाही. बालकासाठी साडेबारा लाख व आई-वडिलांसाठी पाच लाखांची भरपाई कायम केली. ज्याला काम येत नाही त्याच्यावर ते सोपवणे, हाही निष्काळजीपणाच ठरतो.

मग प्रशिक्षणार्थी मुलीच्या हाती ट्रे देऊन ट्यूटर व सिस्टर निघून जात असतील, तर त्याला काय म्हणायचे? शिकण्यासाठी आलेली मुलगी म्हणजे फुकटचे मनुष्यबळ नव्हे! आमची मागणी स्पष्ट आहे. विद्यार्थिनीने दिलेले प्रत्येक इंजेक्शन नोंदणीकृत परिचारिकेच्या डोळ्यांदेखत झाले पाहिजे. औषधाचे नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, हा डॉक्टरांसाठी २०१६ साली झालेला नियम वॉर्डात दिसला पाहिजे. चूक सांगणारीला धमकावू नये, कारण लपवलेली चूक उद्या दुसऱ्या रुग्णाचा बळी घेते. आणि कलम १०६ मधील भेद संसदेने दूर केला पाहिजे.

मुलींनो, अक्षर लागले नाही, हिशेब जुळला नाही, तर सिरिंज खाली ठेवा आणि विचारा. डॉक्टर ओरडेल, सिस्टर हसेल; हसू द्या. विचारणे हा उद्धटपणा नव्हे, ते तुमचे कर्तव्य आहे. खाटेवरचा माणूसही कुणाच्या तरी घरचा आधार असतो. त्याचा जीव आणि तुमचे आयुष्य, दोन्ही त्या एका प्रश्नाने वाचते!