बेळगाव ते किशनगड : अंतर किती, वेळ किती?

बेळगावचा सांबरा विमानतळ आणि राजस्थानातील किशनगडचा विमानतळ जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत; एक ७४.६ अंशांवर, दुसरा ७४.८ वर. म्हणजे किशनगड बेळगावच्या सरळ उत्तरेस. अक्षांशांतील फरक सुमारे १०.७ अंश. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले, की हवाई अंतर निघते साधारण १,१९० किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर दीड हजारांच्या घरात जाते.

छोटे जेट विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाते, म्हणून दीड तासाचा प्रवास, असा हिशेब सहज केला जातो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर हा जाहिरातीतला व्याजदर झाला. प्रत्यक्ष पडणारा दर निराळा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे, यांत वीस ते तीस मिनिटे सहज जातात. वेळापत्रकातील वेळ ही जागेवरून हलण्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते.

किशनगडचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला. पुढे घोडावत उद्योगसमूहाच्या स्टार एअरने उडान योजनेखाली पन्नास आसनी एम्ब्रेअर विमानांनी ही दोन गावे सुरतमार्गे जोडली. बेळगाव-सुरत सुमारे ६१५ किलोमीटर, सुरत-किशनगड सुमारे ६४५. एकूण वाट फक्त सत्तर किलोमीटरनी वाढते, म्हणजे आकाशात जेमतेम पाच मिनिटे. परंतु मध्ये एकदा उतरणे, प्रवाशांची चढउतार आणि पुन्हा उड्डाण, यांत जवळपास एक तास जातो. लहान विमानतळांच्या प्रवासात वेळ खातात ते थांबे, किलोमीटर नव्हेत. अर्थात सुरतेत कापडाचे किंवा हिऱ्यांचे काम असणाऱ्यास हा थांबा सोयीचाच.

व्यापाऱ्याचा खरा तोटा होतो तो पुढच्या जोडणीत. दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटे काढली असतील आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. अशा विमानतळांवर त्या गावासाठी पुढचे विमान अनेकदा दुसऱ्या दिवशी, कधी दोन दिवसांनी असते. साखरपुडा वा सौद्याची तारीख ठरली असेल, तर आदल्या दिवशीच पोहोचावे. मार्च व ऑक्टोबरच्या अखेरीस वेळापत्रके बदलतात, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नये.

आणखी एक बाब वजनाची. देशांतर्गत प्रवासात सामानाची मोफत मर्यादा बहुधा पंधरा किलो असते. संगमरवराचा एक फूट लांब-रुंद आणि दोन सेंटीमीटर जाडीचा तुकडा सुमारे पाच किलो भरतो. तीन नमुने घेतले, की कपड्यांना जागा उरली नाही! नमुने मालवाहतुकीने आधीच रवाना करावेत. ते स्वस्तही पडते.