सूक्ष्मनियंत्रक बोर्डावरील संवेदक-जोडणी

सूक्ष्मनियंत्रक बोर्डावरील संवेदक-जोडणी : तापमान, आर्द्रता, वातावरणीय दाब, अंतर इ. राशी मोजणारे छोटे संवेदक (सेन्सर) हौशी वापराच्या सूक्ष्मनियंत्रक बोर्डाला जोडणे, तसेच या जोडणीतील दोष शोधणे. प्रक्रियक, स्मृती आणि आदान-प्रदानाचे मार्ग एकाच चिपवर सामावणाऱ्या लहान संगणकाला सूक्ष्मनियंत्रक म्हणतात. इटलीतील इव्हरेआ येथे २००५ साली सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पामुळे असे बोर्ड विद्यार्थ्यांच्या व छांदिष्टांच्या हाती आले. संवेदकाकडून येणाऱ्या अंकांचे अंश सेल्सियस, टक्के यांसारख्या एककांत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीच्या भागाला ड्रायव्हर असे नाव आहे. संवेदक सॉकेटात नीट बसला व पडद्यावर आकडे दिसू लागले की मापन बरोबर झाले, असे समजले जाते. प्रत्यक्षात सॉकेटमुळे केवळ आकार जुळतो. पिनांचा क्रम, विद्युत् दाब आणि अंकांचा अर्थ या तीन गोष्टी स्वतंत्रपणे जुळवाव्या लागतात.

पिनांच्या क्रमाचे सर्वांत बोधक उदाहरण तीन पायांच्या तापमान संवेदकांचे आहे. एलएम-३५, टीएमपी-३६ व डीएस-१८-बी-२० हे तिन्ही ट्रँझिस्टरसारख्या काळ्या कवचात मिळतात आणि एकाच सॉकेटात बसतात. सपाट बाजू समोर धरली असता पहिल्या दोहोंचा डावा पाय धन व उजवा भूजोडणीचा असतो. डीएस-१८-बी-२० मध्ये हा क्रम नेमका उलट आहे. अदलाबदल झाल्यास दाब उलटा मिळून चिप बोटाला चटका बसेल इतकी तापते. चार तारांच्या तयार सॉकेटांतही असाच भेद आढळतो. ग्रोव्ह पद्धतीत पिनांतील अंतर २ मिमी. असून पुरवठा बोर्डाप्रमाणे ३·३ किंवा ५ व्होल्ट असतो. क्विक पद्धतीत अंतर १ मिमी. व पुरवठा केवळ ३·३ व्होल्ट असतो. रूपांतर-तार वापरून दोन्ही जोडता येतात. परंतु तारेमुळे दाब बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. आर्डुइनो उनो बोर्डावर ७ व ८ क्रमांकांच्या पिनांमधील अंतर नेहमीच्या २·५४ मिमी.ऐवजी सु. ४ मिमी. आहे. मूळ आराखड्यातील ही चूक जुने जोडबोर्ड निरुपयोगी होऊ नयेत म्हणून पुढे तशीच जपली गेली.

विद्युत् दाबाचा दोष अधिक फसवा असतो. ५ व्होल्टवर चालणाऱ्या उनो बोर्डावरील सूक्ष्मनियंत्रकाला आय-टू-सी या दोन तारांच्या मार्गावर ‘उच्च’ अवस्था खात्रीने ओळखण्यासाठी पुरवठ्याच्या ०·७ पट, म्हणजे ३·५ व्होल्ट लागतात. ३·३ व्होल्टचा संदेश बहुधा ओळखला जातो, पण त्याची हमी नसते. म्हणून मेजावर उत्तम चालणारी जोडणी लांब तार लावताच अडखळू शकते. उलट दिशेने धोका आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी-एसआर-०४ या अंतरमापकाचा प्रतिध्वनी-संदेश ३·३ व्होल्टच्या ईएसपी-३२ बोर्डाला सरळ दिल्यास त्याची पिन निकामी होऊ शकते. १ व २ किलोओहम रोधकांचा दाब-विभाजक मध्ये घातल्यास ५ व्होल्टचे सु. ३·३ व्होल्ट होतात.

ड्रायव्हर चुकीचा निवडला गेल्यास नेहमीच त्रुटी-संदेश येतो असे नाही. डीएचटी-११ हा आर्द्रता-तापमान संवेदक पूर्ण अंश एका बाइटमध्ये पाठवितो. डीएचटी-२२ दोन बाइट मिळून दशांश अंशांची एक संख्या पाठवितो. पिना, संदेशाची लांबी व तपासणी-बेरीज सारखीच असल्याने एकाचा ड्रायव्हर दुसऱ्यावर विनातक्रार चालतो. मात्र डीएचटी-११ ने पाठविलेले २६° से. डीएचटी-२२ च्या ड्रायव्हरला २६ × २५६ = ६,६५६ दशांश, म्हणजे ६६५·६° से. वाटतात. असा आकडा स्वतःच आपली चूक सांगतो.

संभाव्य वाटणारा चुकीचा आकडा याहून घातक होय. एलएम-३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, ३०° से. ला ०·३० व्होल्ट. सदृश-अंकीय परिवर्तकाचा संदर्भ दाब ३·३ व्होल्ट असताना आज्ञावलीत ५ व्होल्ट लिहिले असल्यास तेच तापमान सु. ४५° से. दिसते. विदर्भात मे महिन्यात हे तापमान अशक्य नसल्याने चूक अनेक दिवस लपून राहू शकते. टीएमपी-३६ मध्ये ०·५ व्होल्टची मूळ भर असते. त्यावर एलएम-३५ चे सूत्र लावल्यास २५° से. चे ७५° से. होतात.

आय-टू-सी मार्गावर प्रत्येक संवेदकाला पत्ता असतो, पण पत्ता म्हणजे ओळख नव्हे. बीएमपी-२८० (दाब व तापमान) आणि बीएमई-२८० (त्याखेरीज आर्द्रताही) या दोहोंचे पत्ते षोडशमान पद्धतीत ७६ किंवा ७७ हेच आहेत. दुसऱ्याच्या नावाने पहिला विकला जाण्याचे प्रकार घडतात. चिपमधील ओळख-अंक वाचल्यास उलगडा होतो : बीएमपीचा ५८, बीएमईचा ६० (षोडशमान). डोळ्यांनीही फरक कळतो, बीएमईचे धातूचे कवच चौरस (२·५ × २·५ मिमी.), तर बीएमपीचे आयताकृती (२·० × २·५ मिमी.) असते.

दोषशोधन पुरवठ्यापासून सुरू करावे. बहुमापकाने संवेदकाच्या पायांवरच दाब मोजावा, नंतर पत्ता शोधावा, मग ओळख-अंक वाचावा आणि शेवटी ड्रायव्हरकडे वळावे. प्रारंभी ड्रायव्हर बदलत बसण्यात वेळ जातो. तापमान संवेदक जलरोधी कवचात असल्यास तो वितळत्या बर्फात बुडवून ०° से. ची खातरजमा करता येते. आर्द्रता संवेदकावर हा प्रयोग करू नये.